झाशीच्या तटावरचे शब्द

मराठी मुलाच्या कानावर झाशीचे नाव प्रथम पडते ते राणी लक्ष्मीबाईंच्या कथेतून. परंतु झाशीशी मराठीचे नाते त्याहून जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकर यांनी पेशव्यांच्या वतीने तेथे ठाणे बसविले, किल्ला वाढविला, आणि त्यांच्या पाठोपाठ दक्षिणेतील कुटुंबे तिकडे गेली. घरात मराठी राहिली, बाजारात बुंदेली चालली, शाळेत हिंदी आली. अशा घरातील मुलाला मराठी येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेवणाखाणाची, रुसव्याफुगव्याची मराठी त्याला उत्तम येते. येत नाही ती पुस्तकातली. आणि गंमत अशी की, अनोळखी शब्दापाशी तो निदान थबकतो, पण ओळखीचा वाटणारा शब्द त्याला बिनबोभाट फसवतो.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीतली थट्टा. संसार म्हणजे तिकडे अवघे जग, इकडे दोघांचे घर. 'पेला खाली आहे' असे झाशीचा मुलगा म्हणाला, तर पुण्याचा मुलगा मेजाखाली वाकून पाहील! यात कोणाचीच चूक नाही. दोन्ही अर्थ आपापल्या घरी खरेच आहेत. मुलाला रागे भरण्याऐवजी दोन्ही अर्थ शेजारी ठेवून दाखवावेत. दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाला हा लाभ फुकट मिळतो; एकाच भाषेत वाढणाऱ्याला तो कष्टाने मिळवावा लागतो.

मात्र शब्दांच्या याद्या पाठ करवून शब्दसंपत्ती वाढत नाही. पाठ केलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो आणि मग वाळून जातो. शब्द वाक्यात भेटावा लागतो, आणि तोही एकदाच नव्हे. झाशीच्या मुलासाठी असे भेटीचे ठिकाण तयारच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि पुढील वर्षीच्या वेढ्यात झाशीतच सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. मूळ लेखनाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये दिला. गंगाधररावांचा मोठा ग्रंथसंग्रह शहर पडल्यावर नष्ट झाला, हीही हकीकत भटजींनी नोंदविली आहे. ज्या गावाने आपली पोथीशाळा गमावली, त्या गावाची गोष्ट एका भिक्षुकाच्या मराठीत उरावी, हे केवढे नशीब!

नावापासूनच आरंभ करावा. मराठीत प्रवास म्हणजे वाटचाल. हिंदीत आपला मुलूख सोडून परक्या ठिकाणी राहणे. अमृतलाल नागरांच्या हिंदी अनुवादाचे नाव 'आँखों देखा गदर' असे आहे. पुढे वेढ्याचे वर्णन येते. तेथे दारूचे कोठार म्हटले की मूल हसते. ही दारू तोफेची, हे कळल्यावर दारूगोळा हा शब्द त्याचा तोच उलगडतो. मोर्चा म्हणजे त्याला घोषणा देत जाणारी मिरवणूक ठाऊक असते. पूर्वी मोर्चा तोफांचा बांधला जाई.

रोज संध्याकाळी एक पान मोठ्याने वाचावे. शब्द अडला तर अर्थ लगेच सांगू नये; पुढचे वाक्य वाचून त्याला तर्क करू द्यावा. तर्क चुकला तरी बिघडत नाही, चुकलेला तर्क दुरुस्त झाला की शब्द अधिक घट्ट बसतो. मग वहीत नुसता अर्थ न लिहिता मुलाने आपले एक वाक्य लिहावे. कोश त्यानंतर उघडावा. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त जुन्या बखरींतले, बोलींतले शब्दही सापडतात. त्यात एक शब्द शोधताना शेजारचे चार वाचले जातात, तो वेळ वाया गेला असे समजू नये.

गोलंदाज हा शब्द आजचे मूल क्रिकेटमधून उचलते. झाशीत तो गुलाम गौस खानांसाठी वापरला जातो, तो तोफेवरचा गोलंदाज. गोळा टाकणारा तो गोलंदाज. आणि फारसीत बर्क म्हणजे वीज, म्हणून बंदूकधारी शिपाई बरकंदाज. किल्ल्यात 'कडक बिजली' नावाची तोफ अजून आहे. ती पाहून आलेल्या मुलाला एवढे सांगितले, की तिरंदाजाची फोड त्याला स्वतः करू द्यावी.