तुरुंग थांबत नाही, कॉलेज थांबतं

आज मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती दोन-तीनदा सांगणार आहे, कारण ऐकताना ती सोपी वाटते आणि लगेच निसटून जाते. महाविद्यालयांचा पैसा काढून तुरुंगांना द्यावा, असं अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कधीही ठरवलं नव्हतं. तसा ठराव कोणी मांडला नाही, त्यासाठी कोणी मतं मागितली नाहीत. तरीही तसं घडलं.

2010 च्या जानेवारीत तिथले तेव्हाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी विधिमंडळापुढे आकडे ठेवले. त्याच्या तीस वर्षं आधी राज्याच्या सर्वसाधारण निधीतले 10 टक्के उच्च शिक्षणाला जात आणि 3 टक्के तुरुंगांना. 2010 पर्यंत तुरुंगांचा वाटा जवळजवळ 11 टक्के झाला होता आणि उच्च शिक्षणाचा साडेसात.

आणि हे घडलं कुठे? ज्या राज्याने 1960 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने उच्च शिक्षणाचा असा आराखडा केला, की जगभरातल्या शिक्षणतज्ज्ञांनी तो अभ्यासला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतले वरचे 12.5 टक्के कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजची दारं उघडी. राज्यातल्या मुलांकडून शिकवणीची फी घ्यायची नाही, हे त्यातलं तत्त्व होतं. बर्कलीचं नाव आपल्याकडे घरोघर माहीत झालं ते या उभारणीमुळे.

मग पैसा गेला कसा? आपल्या गावाकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. भावकीत बांधावरून दावा लागलेला आहे. तारीख पडली की वकिलाची फी द्यावीच लागते, तालुक्याला जावंच लागतं. न गेलं तर निकाल विरुद्ध जाईल ही भीती. त्याच घरात बारावी झालेली मुलगी आहे, हुशार आहे. तिची फी भरायची वेळ येते तेव्हा बाप म्हणतो, "यंदा जरा ओढाताण आहे, बाई. तू कर्ज काढ, स्कॉलरशिप मिळते का बघ, नाहीतर पुढच्या वर्षी बघू." त्या बापाने मुलीला शिकवायचं नाही असं ठरवलेलं नाही, त्याचा जीव आहे तिच्यावर. पण दाव्याचा खर्च थांबत नाही आणि मुलीचा थांबवता येतो. दावा जिल्ह्याच्या कोर्टातून हायकोर्टात जातो, वकील बदलतो, फी वाढते. पाच वर्षांनी मुलीचं शिक्षण राहून गेलेलं असतं आणि ते नेमकं कोणत्या दिवशी राहिलं हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियाचं अंदाजपत्रक असंच चाललं. शाळांच्या किमान तरतुदीला 1988 पासून राज्यघटनेचं संरक्षण आहे, तिला हात लावणं अवघड. तुरुंगात माणूस आला की त्याला जेवण, पहारा, औषध द्यावंच लागतं. ते नीट दिलं नाही म्हणून न्यायालयाने तुरुंगातली वैद्यकीय व्यवस्था राज्याच्या हातून काढून आपण नेमलेल्या माणसाकडे सोपवली. दर सहा-सात दिवसांनी एक कैदी टाळता येण्याजोग्या कारणाने मरत होता, असं नोंदलं गेलं आहे. तिथे पैसा घालायलाच हवा होता, याबद्दल माझी काही तक्रार नाही. उत्पन्नाची बाजूही मोकळी नव्हती, कारण 1978 च्या सार्वमताने घरपट्टीवर मर्यादा आली होती. मग कात्री लावायला उरलं कोण? विद्यापीठ. कारण विद्यापीठ फी वाढवू शकतं आणि तुरुंग कैद्याकडून फी घेऊ शकत नाही. 2009 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाने एका बैठकीत 32 टक्के फीवाढ मंजूर केली. मुलं रस्त्यावर उतरली, इमारतींमध्ये ठाण मांडून बसली. पण ज्या खर्चामुळे ती फी वाढली, तो ठरला होता दुसरीकडे आणि फार आधी.

कुठे ठरला, ते सांगतो. 1993 मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीचं तिच्या घरातून अपहरण झालं आणि तिचा खून झाला. खुनी आधी तुरुंगातून सुटून आलेला होता. सगळं राज्य हादरलं, आणि ती भीती खरी होती, तिला कमी लेखू नका. 1994 मध्ये 'थ्री स्ट्राइक्स' कायदा आला आणि त्याच वर्षी सुमारे 72 टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील, तर कायद्याने मोठा ठरणारा तिसरा गुन्हा कोणताही असो, शिक्षा किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप. मग काय झालं? दोन दुकानांतून मिळून नऊ व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्या माणसाला किमान पन्नास वर्षांची शिक्षा झाली. कॅसेटची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली.

ही शिक्षा म्हणजे पन्नास वर्षांचा खर्च मंजूर झाला, श्रोतेहो. तो कोणत्याही अर्थसंकल्पीय चर्चेत आला नाही. आज तिथे एका कैद्यावर वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त खर्च होतो. 1980 च्या सुमारास राज्यात पंचवीस हजारांच्या आसपास कैदी होते, 2006 मध्ये ते एक लाख सत्तर हजारांवर गेले. 1852 पासून 1984 पर्यंत बारा तुरुंग बांधणाऱ्या राज्याने पुढच्या वीसेक वर्षांत वीसहून जास्त नवे तुरुंग बांधले. त्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नवं संकुल सुरू झालं ते एकच, 2005 मध्ये, मर्सेडला.

पुन्हा सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. हे काही दुष्ट लोकांनी केलं म्हणून सोडून देऊ नका. दोन निर्णय दोन वेगळ्या खोल्यांत झाले. एका खोलीत शिक्षा वाढवली, दुसऱ्या खोलीत फी वाढवली. दोन्हीकडच्या माणसांना आपापलं काम बरोबर वाटत होतं.

आणि हे एकट्या कॅलिफोर्नियाचं नाही. 2008 मध्ये प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने सगळ्या राज्यांचे आकडे मांडले. महागाई वगळून पाहिलं तर 1987 ते 2007 या वीस वर्षांत राज्यांचा तुरुंग आणि तत्सम व्यवस्थेवरचा खर्च 127 टक्क्यांनी वाढला, उच्च शिक्षणावरचा 21 टक्क्यांनी. व्हरमाँट, मिशिगन, ओरेगन, कनेक्टिकट आणि डेलावेअर ही पाच राज्यं तर कॉलेजांइतका किंवा त्याहून अधिक पैसा तुरुंगांवर खर्च करत होती.

आपला संबंध काय, असं पुण्या-नाशिकच्या पालकांनी विचारू नये. राज्याने हात आखडता घेतल्यावर तिथल्या सरकारी विद्यापीठांनी जो मार्ग धरला, त्यात बाहेरून येणारे विद्यार्थी आले. कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवीला येणारा बाहेरचा विद्यार्थी स्थानिक मुलाच्या तिपटीहून जास्त फी भरतो. आपण इथे घर गहाण ठेवून जे शैक्षणिक कर्ज काढतो, त्याचा थोडा भाग त्या जुन्या हिशेबातली तूट भरून काढायला जातो. मुलांना पाठवताना क्रमवारी पाहता, तर त्या राज्याचं अंदाजपत्रकही एकदा पाहा. अवघड नसतं ते.

वेळ संपत आली, पण पुढचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाला कैद्यांची संख्या कमी करायला लावली, कारण तुरुंग क्षमतेच्या जवळपास दुप्पट भरले होते. 2012 मध्ये मतदारांनी थ्री स्ट्राइक्स सौम्य केला. आता कैदी एक लाखाच्या आत आले आहेत, काही तुरुंग बंदही झाले. पण खर्च त्या प्रमाणात उतरला नाही. कैदी कमी झाले तरी भिंती, पहारेकरी, त्यांची पेन्शनं आणि दवाखाना राहतोच. दावा मिटल्यावरही वकिलाची थकलेली बाकी द्यावी लागते, तसं.

आणि जिथे बचत झाली तिथे? 2014 मध्ये मतदारांनी किरकोळ चोरी आणि अमली पदार्थ बाळगणं यांच्या शिक्षा कमी केल्या आणि वाचलेला पैसा कुठे जाईल तेही कायद्यात लिहून ठेवलं: 65 टक्के मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला, 25 टक्के शाळागळती रोखायला, 10 टक्के गुन्ह्यांना बळी पडलेल्यांना. तिन्ही कामं चांगली आहेत, मला त्यातलं एकही कमी करायचं नाही. पण कॉलेजचं नाव त्या यादीत नाही. ज्या कॉलेजांच्या वाट्यातून तीस वर्षं पैसा निघून गेला, त्यांच्याकडे तो परत यावा असं कोणीतरी नाव घेऊन लिहायला हवं होतं. ते 2014 मध्ये लिहिलं गेलं नाही.