अर्धी राहिलेली पानं

(गोंदियातल्या एका युवक बैठकीत केलेलं भाषण)



गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली. त्याआधी आपण भंडाऱ्यातच होतो. त्याच भंडाऱ्यातून बाबासाहेब १९५४ ची पोटनिवडणूक लढले, आणि त्यांना पाडण्यात आलं. जितेपणी मत दिलं नाही, गेल्यावर हार मात्र ढिगानं! आज मी हारांबद्दल नाही, पानांबद्दल बोलणार आहे.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीत, २६ अलीपूर रोड. बाबासाहेबांनी नानकचंद रत्तूंकडून बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथाची प्रस्तावना मागून घेतली, हात फिरवायला. सकाळी बाबासाहेब नव्हते. तो ग्रंथ निदान लिहून झाला होता, १९५७ साली निघाला. पण 'रिडल्स'? 'क्रांती आणि प्रतिक्रांती'? ते गठ्ठ्यांत पडून राहिले. कुठं प्रकरणाचं नुसतं नाव, कुठं मधली पानंच नाहीत.

लिहिणारा मध्येच गेला की त्याची माणसं काय करतात? आधी रडतात. मग 'ते असते तर असं म्हणाले असते' हे सुरू होतं. जो तो आपलं म्हणणं त्यांच्या तोंडी घालतो. त्यातून गट, गटातून उपगट. सांगा, खोटं बोलतोय का मी?

पण आपल्यातच दुसरी जातही निघाली, कामाची. नागपूरचे वसंत मून त्या गठ्ठ्यांवर वर्षानुवर्षं बसले. जिथं पान नव्हतं तिथं 'नाही' म्हणून नोंदवलं गेलं. स्वतःचं वाक्य घुसडलं नाही. याला मी खरी भक्ती म्हणतो, शब्द आवडत नसला तरी.

१९८७ साली सरकारनं 'रिडल्स' छापलं. राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढा, म्हणून ओरड झाली. लेखक उत्तर द्यायला नव्हता. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. मजकूर राहिला, सरकारनं 'या मतांशी आम्ही सहमत नाही' अशी टीप तेवढी जोडली.

आता ऐका. ते पुस्तक इंग्रजीत होतं. मोर्चातल्या किती जणांना ते वाचता येत होतं? माझी आजी इथंच बिड्या वळायची. तेंदूपत्त्यानं काळी पडलेली बोटं. तिला अक्षर येत नव्हतं. ती म्हणायची, "त्याच्या हातचं हाय ना? मग एक टिंबबी काढू देऊ नका." न वाचता येणाऱ्या माणसांनी ती पानं वाचवली. आणि आपण, वाचता येणारे, काय करतो? मोबाईलवर फोटो लावतो!

२०२१ साली या खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. आपण त्याआधी का नाही गेलो दारात?

बाबासाहेबांच्या नावानं ती प्रकरणं पुरी करायचा अधिकार कोणालाच नाही, मलाही नाही. पण त्यांनी विचारलेले प्रश्न आपल्या नावानं, आपल्या जबाबदारीवर पुढं न्यायला कोणी अडवलंय? चुकलो तर आपण चुकलो. त्यांच्या नावामागं लपायचं नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं 'रिडल्स'चं एक प्रकरण वाचून या. जिथं पान संपतं, तिथून बोलू.

जय भीम.