कळांचं इंजेक्शन आणि साखरेचं इंजेक्शन

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढं ‘पेप्टाइड औषधं’ असं छापलंय. शब्दाला घाबरू नका. मी डॉक्टर नाही, एम.एस.डब्ल्यू. झालेली सामाजिक कार्यकर्ती आहे. दवाखान्यात आलेल्या बायकांशी बोलणं हे माझं काम. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांचीच छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. ऑक्सिटोसिनच्या माळेत 9 मणी, इन्सुलिनच्या दोन सरांत मिळून 51. दोन्ही आपल्या शरीरात तयार होतात. गिळली तर डाळीसारखी पोटात पचून जातात, म्हणून सुई. इथवर दोघी बहिणी. पुढं संसार वेगळे.

ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळतं. बाळ जन्मल्याबरोबर 10 युनिटचं इंजेक्शन दिलं तर अतिरक्तस्रावाचा धोका खूप कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तीच आहे. हे औषध बाळंतिणीला वाचवणारं आहे, हे आधी मनात पक्कं ठेवा. पण तेच औषध बाळ यायच्या आधी, ‘लवकर मोकळी होईल’ म्हणून घरी दंडात टोचलं की जिवावर बेततं. कळा वाढवायच्याच असतील तर ते सलाइनमधून, थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत द्यावं लागतं. कळा फार झाल्या तर सलाइन बंद करता येतं. दंडात गेलेलं परत काढता येत नाही. कळांमध्ये उसंत राहिली नाही तर बाळाला प्राणवायू कमी पडतो, गर्भाशय फाटूही शकतं.

एका बाईला मी विचारलं, कसलं इंजेक्शन दिलं होतं? म्हणाली, “कळांचं. सासूबाई म्हणाल्या द्या, त्यांनी दिलं.” तुला विचारलं का? ती माझ्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न तिला कुणी कधी विचारलाच नव्हता.

एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारनं खाजगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली. एकाच सरकारी कंपनीनं ते बनवायचं होतं. कारण दिलं, दुभत्या जनावरांवर होणारा गैरवापर. बाळंतिणींना साठा पुरेल का, हा प्रश्न मागं पडला. (म्हशीच्या दुधाची काळजी आधी, बाईच्या रक्ताची नंतर!) ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क कोर्टात गेलं आणि डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली.

इन्सुलिनचं नेमकं उलट. पहिलं औषध न विचारता टोचतात, दुसरं गरज असून द्यायला घरची माणसं कचरतात. ‘इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं’ असं घरात बोललं जातं. ज्या मुलीच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही तिचं औषध थांबलं तर थोड्या दिवसांत जीव जातो. तरी लग्नाच्या बोलणीत ती सुई लपवली जाते, आणि सासरी गेल्यावर रोज चोरून टोचायची कुठं? गरोदरपणातल्या मधुमेहात इन्सुलिन द्यावं लागलं तर घरचे बाळाच्या भीतीनं नको म्हणतात. खरं तर ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

आणखी एक, डॉक्टरांच्या कागदावर न लिहिलेली गोष्ट. जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं की ठरल्या वेळेला जेवायलाच हवं. आमच्याकडची एक बाई सुई टोचून घ्यायची आणि सगळ्यांची पानं वाढत बसायची. स्वतःचं पान शेवटी. दरदरून घाम, हात थरथरायचे, एकदा चुलीपाशीच कोसळली. घरच्यांनी दोष दिला इन्सुलिनला. आम्ही तिच्या नवऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, सुई टोचली की हिचं पान पहिलं. तो हसला, पण पुढच्या खेपेला सासूच तक्रार घेऊन आली की सून आधी जेवते. म्हटलं, चला, औषध लागू पडलं!

दोन्ही औषधं गारव्यात, 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायची, पण गोठवायची नाहीत. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली फ्रीज नसेल तर ओल्या मडक्यात, पाणी न लागता ठेवता येते.

आता मी दोन सिरिंज फिरवते. लाल टोपणाची 40 युनिटच्या बाटलीसाठी, केशरी 100 च्या. अदलाबदल झाली की मात्रा चुकते. हातात घ्या, त्यावरचे आकडे वाचा. चष्मा लागत असेल तर शेजारणीचा मागून घ्या.