भंगारातले संशोधन



मोटारसायकलीच्या सुट्या भागांवर कोणी व्याख्यान द्यावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु संशोधन काय फक्त दप्तरखान्यातच चालते? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी वा रविवारी लोखंडाच्या ढिगाशी उकिडवा बसलेला माणूसही संशोधकच असतो.

बहुधा तो जावा, येझदी किंवा बुलेटचा एखादा भाग शोधत असतो. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून १९२९ साली प्राग येथे 'जावा' जन्मली. मैसूरचा आयडियल जावा कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९७३ पासून गाडी येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा रस्त्यावर आले; पण नव्या इंजिनाचे भाग जुन्या गाडीस चालत नाहीत. बुलेटचे तसे नाही. मद्रासेस १९५५ साली सुरू झालेली तिची परंपरा तुटली नाही. म्हणून तिचे भाग पुष्कळ मिळतात, एकसारखे दिसतात आणि तेथेच गिऱ्हाईक फसते.

तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये, मापावर विसंबावे. जुन्या जावा अडीचशेच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर, बुलेट साडेतीनशेचा ७०. सिलिंडर झिजला की तो बोअर करून किंचित मोठा पिस्टन घालतात. म्हणून आपल्या सिलिंडरचे आजचे माप कागदावर आणि कॅलिपर खिशात असावा. ताजा रंग दिसला, तर त्याखाली वेल्डिंगचा जोड नाही ना, हे नखाने चाचपावे. आणि इंजिनावरचा क्रमांक घासलेला असेल, तर माल फुकट मिळाला तरी घेऊ नये.

क्रमांकाचे महत्त्व आता अधिकच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. साटा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केला, तर हा मान मिळत नाही.

पण मंडळी, बाजारातला प्रत्येक अस्सल भाग आला कोठून? कोणाची तरी गाडी मोडली, तेव्हा तो आला. आपला छंद असा दुसऱ्या गाडीच्या मरणावर जगतो. मोडलेल्या गाडीचे भाग अवश्य घ्यावेत. मात्र एका कार्ब्युरेटरसाठी धड गाडी मोडू नये.

आपल्या रत्नागिरीस हे विशेष सांगायला हवे. येथला खारा वारा मडगार्ड खातो, रिमा खातो. पण गिअरपेटीत तेल शिल्लक असेल, तर आतली चक्रे पुष्कळदा शाबूत राहतात. वरचा गंज पाहून आपण सबंध गाडी किलोवर विकून मोकळे होतो! आता आगोटीची आवराआवर सुरू होईल. पडवीतली वडिलांची गाडी आड येऊ लागली, तर भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक शोधा आणि एखाद्या जाणत्या मेस्त्रीस इंजिन उघडून पाहू द्या. मग काय ते ठरवा.