थंडी आणि काडतूस

अमेरिकेतील अलास्कात अनेक शिकारी रायफलची काडतुसे स्वतःच भरतात. तेथील फेअरबँक्स परिसरात हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो. नायट्रोसेल्युलोजयुक्त दारू अशा थंडीत मंद जळते. नळीतील दाब घटतो, गोळीचा वेग कमी होतो. थंड हवा अधिक घन असल्याने तिचा विरोधही वाढतो. परिणामी दूरच्या लक्ष्याच्या खाली गोळी लागते आणि जनावर नुसतेच जखमी होऊन निसटण्याचा संभव असतो. परंतु याहून मोठा धोका उलट दिशेने येतो. कडाक्याच्या थंडीत पारखून ठरविलेले दारूचे कमाल प्रमाण उन्हाळ्यात दाबाची मर्यादा ओलांडू शकते. मग संकटात सापडतो तो बंदूक चालविणारा. म्हणून दारू तोलताना तराजूइतकेच तापमापकाकडेही लक्ष असावयास हवे.