वाडा पाहण्यापूर्वी



या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. नववीची सहल यंदा पुण्यास न्यावयाची असे शाळेने ठरविल्याचे समजले. त्या सहलीत गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा असावा आणि तो कसा पाहावा, एवढाच विषय मी आज घेतो.

बडोद्याचे त्या वाड्याशी नाते जुने आहे. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. सयाजीराव महाराजांनी तो त्यांच्या तोंडून ऐकला, हे ग्रंथकर्त्यानेच नमूद केले आहे. पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या राज्यात महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेव्हा आपली मुले तेथे परकी म्हणून जाणार नाहीत.

मात्र हा वाडा शनिवारवाड्यासारखा नव्हे. तेथे बुरूज नाहीत, दिल्ली दरवाजा नाही. तयारीविना गेलेले मूल पाच मिनिटांत बाहेर येईल आणि भेळेची चौकशी करील. म्हणून एका शिक्षकाने आधी जाऊन वास्तू पाहावी, वेळा विचाराव्यात, लेखी परवानगी घ्यावी. पंधरा-पंधरांच्या तुकड्या कराव्यात. एक तुकडी आत असता दुसरीने आवारात बसून टिपणे काढावीत. प्रत्येकाने निघण्यापूर्वी एक प्रश्न वहीत लिहून न्यावा.

आता खरी तयारी. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. परीक्षेत हे वाक्य एका गुणाचे असते. ते एका गुणाचे राहू नये असे वाटत असेल, तर मुलांनी सहलीआधी आजीआजोबांना विचारावे : आपल्या गावच्या विहिरीवर पाणी कोण भरीत असे आणि कोणाला ते वरून ओतून मिळत असे? काही घरांतून विहिरीच्या अलीकडचे उत्तर येईल, काही घरांतून पलीकडचे. ती दोन्ही मुले आपल्या एकाच बाकावर बसतात. यासाठी शिक्षकांनी ही उत्तरे नावानिशी वर्गात वाचू नयेत; ज्याला सांगावेसे वाटेल त्यालाच सांगू द्यावे. एकाला लाजविण्यासाठी किंवा दुसऱ्याची कीव करण्यासाठी आपण तेथे जात नाही. पाण्यावरची मालकी एका गृहस्थाने आपल्याच अंगणात सोडली, ती जागा पाहण्यासाठी आपण जातो.

'पुढच्या वर्षी पाहू' असे कृपया म्हणू नये. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी जेथे मुलींची शाळा काढली, तो भिडेवाडा जीर्ण होत होत अखेर डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तेथे स्मारक होईल. परंतु त्या जुन्या भिंती आता कोणत्याच विद्यार्थ्याला पाहावयास मिळणार नाहीत. गंज पेठेतील वाडा उभा आहे, जोतीरावांची समाधीही तेथेच आहे.

विश्वस्तांस माझी विनंती एवढीच की, सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या वाड्यासाठी अर्धा तास नव्हे, एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी.