फीत कुणाच्या हातात?

(मुलींच्या आरोग्यावरील शिबिरात केलेले भाषण)



माझी भाची दहा वर्षांची. शाळेत मुलींना रांगेत उभं करून वजनं घेतली आणि आकडे वर्गासमोर मोठ्यानं वाचले. तिचं चौतीस किलो. पोरं हसली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती डबा उघडेना. वर माझ्या बहिणीला शाळेची चिठ्ठी आली : मुलीच्या खाण्याकडे लक्ष द्या. चिठ्ठी आईलाच येते बरं का, बापाला नाही!

नुसत्या वजनावरून काही ठरत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागतात, तो बीएमआय. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. एकेका माणसाचं दुखणं ओळखायला त्यानं ते केलंच नव्हतं. भाचीची उंची १३० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २०. तुमच्या-माझ्या वयाला हा आकडा चांगला. पण मुलांचा आकडा वय आणि लिंग पाहून तक्त्यावर वाचावा लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलीला तो जादा ठरतो. तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं, हे मी नाकारत नाही.

पण बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं घेतली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. तरी पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्यानं मोजली, तर चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे आपलं हडकुळं दिसणारं मूलही चाळणीतून निसटू शकतं.

म्हणून कंबर मोजा. त्याला सुतळी पुरते. मुलीच्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर गुंडाळा. पोट आवळू नका. टोकं जुळली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. हे निदान नव्हे, नुसती चाळणी आहे.

आम्ही शाळेत जाऊन मागितलं ते एवढंच : पडदा लावा, मुलीला आधी विचारा, आकडा मोठ्यानं वाचू नका, चिठ्ठी दोघा पालकांच्या नावे पाठवा. पडदा लागलाय. चिठ्ठीचं अजून भांडतोय.

भाचीनं घरी सुतळी स्वतःच धरली. टोकं जुळून दोन बोटं उरली. डबा मात्र अजून अर्धाच परत येतो.